सौम्य आम्ल

जयदेव रोकडेच्या हातावर त्या सकाळी जे सांडलं, त्याचं खरं नाव कारखान्यात काम करणाऱ्यांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. सगळे त्याला ‘फिनिशिंगचं पाणी’ म्हणत. निळ्या प्लास्टिकच्या कॅनमधून ते यायचं आणि कॅनवरचा कागद आधीच खरवडून काढलेला असायचा. भट्टीतून निघालेल्या स्टीलच्या पाइपांवर जी काळी खपली धरते, ती या पाण्याने सुटायची आणि पाइप चांदीसारखा उजळायचा. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या शेडमध्ये जयदेव हेच काम करायचा. साल सत्त्याऐंशीचं.

कॅन टाकीत ओतताना झाकणापाशी उचकी बसावी तसं पाणी उसळलं आणि त्याच्या डाव्या हातावर पडलं. रबरी हातमोजा दोन बोटांपाशी फाटलेला होता. नवा मागून मागून तो कंटाळला होता. थोडे शिंतोडे चेहऱ्याकडेही उडाले, पण चष्मा असल्यामुळे डोळे वाचले. सुपरवायझर शंकररावांनी त्याला नळाकडे पाठवलं. हात जरा लालसर झाला होता, आग म्हणावी अशी नव्हती. शंकरराव म्हणाले, सरांनी सांगितलंय, हे सौम्य अ‍ॅसिड आहे, काही होत नाही. जयदेवने हात पुसला आणि पाळी संपेपर्यंत काम केलं.

दुखायला लागलं ते घरी आल्यावर. अंबरनाथ पश्चिमेला, रुळांच्या बाजूच्या वस्तीत तो आई आणि थोरल्या बहिणीसोबत राहायचा. बहीण द्रौपदी, शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवायची. ती दुपारी शाळेतून आली तेव्हा जयदेव भिंतीला पाठ लावून बसला होता आणि डावा हात उजव्या हातात धरून पुढेमागे झुलत होता. आई, मोतीबाई, हाताला हळद लावायला बघत होती आणि तो लावू देत नव्हता.

द्रौपदीने हात उजेडात धरला. फोड नाही, जखम नाही. फक्त करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट टोकाशी पांढुरकं पडलं होतं, उकडलेल्या बटाट्यासारखं. तिने विचारलं तेव्हा जयदेव म्हणाला, वरून काही नाही, आतून आहे, हाडात कोणी गरम तार घातलीय असं वाटतंय.

आधी त्याला कारखान्याच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने मलम दिलं, गोळी दिली आणि उद्या दाखवायला सांगितलं. तासाभरात जयदेव दात खाऊ लागला. मग द्रौपदीने रिक्षा केली, आईलाही बरोबर घेतलं. जयदेवच्या शेडमधला अनंता म्हात्रे विचारपूस करायला आला होता, तोही सोबत बसला, आणि संध्याकाळी ते उल्हासनगरच्या एका दवाखान्यात पोचले.

तिथल्या डॉक्टर वाधवानी पन्नाशीच्या सिंधी बाई होत्या. त्यांनी बोटं बघितली, नाडी बघितली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “कौनसा अ‍ॅसिड?” जयदेव म्हणाला, फिनिशिंगचं पाणी. अनंता म्हणाला, नाव कोणी सांगत नाही. डॉक्टरांनी कारखान्याला फोन लावला. मॅनेजर पलीकडून काय बोलत होता ते द्रौपदीला ऐकू येत नव्हतं, पण डॉक्टरांचा आवाज चढत गेलेला ऐकू येत होता.

“सौम्य है तो क्या हुआ? सौम्य तो नींबू भी है. मुझे नाम चाहिए. नाम के बिना मैं कौनसी दवा दूँ?”

पलीकडून फोन ठेवला गेला. डॉक्टरांनी रिसीव्हर आपटला. मग म्हणाल्या, मालक मुंबईला असतात आणि मॅनेजरला रसायनातलं कळत नाही, असं उत्तर मिळालंय.

जयदेव तेवढ्यात उजव्या हाताने चष्मा काढून शर्टाला पुसत होता. घरीही तो तेच करत होता, आईने तर काचा साबणाने धुऊन दिल्या होत्या. द्रौपदीने वैतागून चष्मा त्याच्या हातातून घेतला, की निदान एवढा एक त्रास तरी मिटवू. काचेवर दुधाळ ठिपके होते. तिने ओढणीने घासले, गेले नाहीत. नखाने खरवडले, तर नख अडखळलं. काच तिथे खरबरीत झाली होती. तो डाग नव्हताच. काच खाल्ली गेली होती.

काच खाणारं आम्ल तिला एकच माहीत होतं.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “हायड्रोफ्लोरिक आहे.” आणि चष्मा पुढे केला.

डॉक्टर वाधवानींनी काचेवरून बोट फिरवलं आणि मग त्या एकदम पळाल्याच. नर्सला हाका, कॅल्शियम ग्लुकोनेटची इंजेक्शनं, छातीला तारा लावून हृदयाचा आलेख. दवाखान्यात होती ती इंजेक्शनं पुरणार नव्हती. अनंता चिठ्ठी घेऊन औषधांच्या दुकानांमागून दुकानं पालथी घालत फिरला. बोटांच्या भोवती सुया टोचल्या तेव्हा जयदेव जे ओरडला ते द्रौपदीने बाहेरच्या बाकावर बसून ऐकलं. आई तिच्या शेजारी बसून तिचा हात दाबत होती. द्रौपदीला रडू येत नव्हतं. तिच्या अंगात काहीतरी तापत चाललं होतं.

कारण आता तिला सगळं दिसत होतं, आणि तिनेच शिकवलेल्या धड्यातून दिसत होतं. सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन तो घेतो. देणारा धन आयन होतो, घेणारा ऋण आयन, आणि दोघं एकमेकांना ओढून धरतात. झालं मीठ. फ्लोरिन त्याच घरातला, पण सगळ्यांत हावरा. त्याचा आयन अंगात शिरला की तो कॅल्शियम धरतो. कॅल्शियमने दोन इलेक्ट्रॉन दिलेले असतात, म्हणून त्याला दोन फ्लोराइड चिकटतात, आणि एकदा चिकटले की पाण्यात सुटत नाहीत. रक्तातलं कॅल्शियम गेलं की नसा कळवळतात. फारच गेलं तर हृदय थांबतं. बाहेरून भरपूर कॅल्शियम ओतायचं, म्हणजे फ्लोराइडची हाव त्यावर भागेल आणि माणूस वाचेल, एवढाच उपाय. पण तो करायला नाव ठाऊक हवं. आणि नाव कोणीतरी मुद्दाम खरवडून काढलं होतं.

जयदेव वाचला. दोन बोटं वाचली नाहीत, ती पुढे मधल्या पेरापासून काढावी लागली.

त्या संध्याकाळी, डॉक्टरांनी धोका टळला म्हटल्यावर, द्रौपदीने अनंताला विचारलं की हे ‘सर’ कोण, ज्यांनी सौम्य म्हणून सांगितलं. अनंता जांभूळ गावचा, शेतकरी घरातला शांत माणूस. तो म्हणाला, “शरदचंद्र सर. उल्हासनगरला कॉलेजात व्हते ना, रिटायर झाले, ते. शनिवारी येतान. पन एक सांगू का बाय, त्यांनी शेडमंदी कधी पाय टाकला नाय. दारात उबं ऱ्हाऊन बोलतान, नाकाला रुमाल लावून.”

द्रौपदीने पुन्हा विचारलं, कोणते शरदचंद्र सर. अनंताने वर्णन केलं. तेच होते.

तिच्या वस्तीतून विज्ञान शाखेला गेलेली ती पहिली मुलगी. वर्गात मागे बसायची. या सरांनी तिला पुढे बोलावून बसवलं होतं, आपली पुस्तकं दिली होती, आणि आयनिक बंध असा शिकवला होता की पुढे तिने तो कधी वहीत बघून शिकवला नाही. मोतीबाई त्यांना देवमाणूस म्हणायच्या. द्रौपदी नोकरीला लागली तेव्हा त्यांच्या घरी पेढे घेऊन गेली होती.

जयदेव दवाखान्यातून घरी आल्यावरच्या रविवारी ती सरांकडे गेली. शिवमंदिराच्या बाजूला त्यांचं बैठं घर होतं, पुढे जास्वंदीची झाडं. सरांनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा खुलला. ये ये म्हणाले, बायकोला चहा ठेवायला सांगितला. द्रौपदी बसली नाही.

“सर, कॅनमध्ये हायड्रोफ्लोरिक होतं. माझ्या भावाची बोटं गेली.”

सर खुर्चीत टेकले. मग म्हणाले, ऐकलं मी, फार वाईट झालं, पण हातमोजे नीट घातले नाहीत की असं होतं. ती म्हणाली, हातमोजे फाटके होते. त्यावर ते म्हणाले, ते बघणं माझं काम नाही, मी फक्त सल्ला देतो.

“नाव खरवडायचा सल्ला तुम्ही दिलात?”

“नाव वाचून लोक बिथरले असते, द्रौपदी. कोणी हात लावला नसता. कंपनीला त्या आम्लाशिवाय चालत नाही.” ते वर्गात बोलायचे तसंच, शांतपणे बोलत होते. “आणि मी सौम्य म्हणालो, त्यात खोटं काय आहे? पाण्यात त्याचं आयनीभवन पूर्ण होत नाही. जे पूर्ण होत नाही ते सौम्य आम्ल. व्याख्या तुला पाठ आहे.”

द्रौपदीची कानशिलं तापली. व्याख्या तिला पाठ होतीच. तिथेच तर मेख होती. आयनीभवन होत नाही म्हणूनच ते वर जाळत नाही. हायड्रोजन आणि फ्लोरिन जोडीने, भार नसलेले, कातडीतून गुपचूप आत जातात आणि आत मुरल्यावर सुटतात. सल्फ्युरिक पडलं असतं तर जयदेव जागीच ओरडला असता आणि कोणीतरी त्याला उचलून दवाखान्यात नेलं असतं. हे सौम्य, म्हणूनच त्याने पाळी पूर्ण केली.

ती हे सगळं बोलली. आवाज चढला तेव्हा आतून सरांच्या बायको दारापाशी येऊन उभ्या राहिल्या. द्रौपदी म्हणाली, “शंकररावांना तुम्ही परीक्षेतला शब्द दिलात. त्यांना त्याचा घरातला अर्थ कळला. तुम्हाला ठाऊक होतं की त्यांना तोच कळणार.”

सर म्हणाले, “मी काय त्या अडाणी माणसाला आयनीभवन समजावत बसू?”

“मला समजावलंत ना?”

“तू वेगळी होतीस. तुझ्यासारख्यांना वर आणायला मी किती केलं ते आठव जरा.”

“माझ्यासारख्यांना म्हणजे कोणाला, सर?”

सरांनी बायकोला चहाचं बघायला आत पाठवलं. द्रौपदीने विचारलं की तुम्ही शेडच्या दाराच्या आत कधी गेलात का. सर म्हणाले, मला दम्याचा त्रास आहे. मग त्यांनी सांगितलं की कंपनी जयदेवला गेटवर वॉचमन म्हणून कायम करायला तयार आहे. हातमोजे काढून काम करत होतो, एवढं त्याने कबूल करावं.

चहा आला तेव्हा ती अंगणात पोचली होती.

दुसऱ्या दिवसापासून ती पाळी सुटायच्या वेळी कारखान्याच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊ लागली. अनंता शेडमधल्या माणसांना घेऊन यायचा. द्रौपदीने त्यांना फळा नसताना शिकवलं. कोणता अणू देतो, कोणता घेतो, देणं-घेणं झालं की दोघं कसे चिकटतात. मीठ म्हटल्यावर अनंताला लगेच कळलं. त्याच्या आज्याचं खाडीकडे मिठागर होतं. तो म्हणाला, मीठ तर पाण्यात इरघळतं आन् ऊन लागलं का परत येतं, मंग हे का नाय सुटत? द्रौपदी म्हणाली, सोडियम आणि क्लोरीनला पाणी वेगळं करू शकतं, कॅल्शियम आणि फ्लोराइडला नाही, ती पकड फार घट्ट आहे. मग तिने सांगितलं की हाडं कॅल्शियमचीच असतात. सगळे आपापल्या हातांकडे बघू लागले. एकजण म्हणाला, माझं नख गेल्या पावसाळ्यात असंच काळं पडून गळालं होतं, मला वाटलं चिखल्या.

त्या आठवड्यात अनंताने आणि त्याच्या सोबत्यांनी पांढरा ऑइल पेंट आणून शेडमधल्या प्रत्येक कॅनवर मोठ्या अक्षरांत लिहिलं. मजकूर जयदेवने सांगितला होता: हायड्रोफ्लोरिक आम्ल. सांडलं तर पाण्याने धूत राहा. दुखत नसलं तरी दवाखान्यात जा. डॉक्टरला हे नाव सांगा.

मॅनेजरने अक्षरांवर काळा रंग फासायला लावला. माणसांनी पुन्हा लिहिलं. मग अनंताला कामावरून काढलं. शाळेच्या मुख्याध्यापकांनी द्रौपदीला बोलावून सांगितलं की संस्थेच्या एका विश्वस्ताला फोन आलाय, शिक्षिकेने टपरीवर उभं राहून पुरुषांना भाषणं देणं बरं दिसत नाही. ती म्हणाली, भाषण नाही, नववीचा दुसरा धडा आहे, तुम्हीही या ऐकायला. एवढं बोलून ती वर्गावर गेली.

तिने आणि अनंताने मिळून कारखाने निरीक्षकाकडे तक्रार दिली. डॉक्टर वाधवानींनी आपला दाखला जोडला. चौकशीची तारीख लागली.

घरात मोतीबाईंना हे सगळं सोसवत नव्हतं. त्या लेकीला म्हणायच्या, राग धर पण एवढा नको, सरांनी तुला पुस्तकं दिलीत, मोठ्या माणसाशी असं वागू नये, बुद्धाने काय सांगितलंय. द्रौपदी उलट उत्तर द्यायची नाही, पण जेवताना तिचा घास तसाच राहायचा.

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी शरदचंद्र सर घरी आले. हातात मोसंब्यांची पिशवी होती. या वस्तीत ते पहिल्यांदाच येत होते, दोघा-तिघांना विचारत आले होते. मोतीबाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. सरांनी जयदेवची चौकशी केली. मग हळूहळू मुद्द्यावर आले. ते मोतीबाईंशीच बोलत होते, द्रौपदीकडे बघत नव्हते. म्हणाले, पोरगी हुशार आहे पण तापट आहे, तुम्ही समजवा तिला. तक्रार मागे घेतली तर मुलाची नोकरी पक्की, नाही तर शेड बंद पडेल आणि बाकीचे कामगारही घरी बसतील. त्यांचे तळतळाट कशाला घेता?

द्रौपदी उठली होती, पण आईने हाताने तिला थांबवलं.

मोतीबाई जयदेवजवळ गेल्या. त्याचा डावा हात त्यांनी मांडीवर घेतला आणि पट्टी सोडायला सुरुवात केली. जयदेवने एकदा हात आखडला, मग ढिला सोडला. पट्टीचे वेढे एकेक करून जमिनीवर पडले. शेवटचा कापूस निघाला. टाक्यांची जागा अजून ओली होती. त्यांनी तो हात धरून सरांच्या तोंडासमोर आणला.

“बघा, सर.”

सरांनी मान वळवली.

“नाय, असं नाय. नीट बघा. माझ्या लेकीला तुम्ही शिकवलं ते मी जलमभर बोलून दाखवलं. आता तुमचं हे बी बघा.”

सर खुर्चीत मागे सरकले, पण मागे भिंत होती. मोतीबाईंनी हात खाली घेतला नाही. बाहेर नळावर बायकांची भांडणं चालली होती, ती ऐकू येत होती. शेवटी शरदचंद्र सरांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मोतीबाई म्हणाल्या, “आता जा. आणि हे घेऊन जा.” त्यांनी मोसंब्यांची पिशवी त्यांच्या हातात परत दिली. ते गेल्यावर त्या पट्टी बांधायला बसल्या आणि मगच रडल्या.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या ऑफिसात निरीक्षकासमोर मॅनेजर आपली बाजू मांडत होता. शेडमध्ये साधं पाणी मिसळलेलं सौम्य आम्ल वापरतात, तज्ज्ञांचा तसा सल्ला आहे, असं तो म्हणाला आणि सरांकडे वळला. शरदचंद्र सर उभे राहिले.

“ते हायड्रोफ्लोरिक आहे. धोकादायक आहे. कॅनवरची नावं काढायला मी सांगितलं.”

निरीक्षकाने पुन्हा विचारलं, सरांनी पुन्हा तेच सांगितलं.

त्यानंतर जे झालं ते फार मोठं नव्हतं. शेडला टाळं लागलं, कंपनीला दंड झाला. काही महिन्यांनी शेड पुन्हा उघडली ती धूर ओढणारे पंखे बसवून, नवे हातमोजे आणून आणि भिंतीवर कॅल्शियमच्या मलमाची पेटी टांगून. कॅनवर नाव आलं. अनंताला परत घेतलं. जयदेवने वॉचमनची नोकरी नाकारली. त्याला बदलापूरच्या एका छापखान्यात काम मिळालं आणि आठ बोटांनी कागद लावायला तो शिकला. भरपाईचा खटला मात्र रेंगाळत राहिला, कंपनीचा वकील दर वेळी नवी तारीख मागायचा, आणि द्रौपदी दर वेळी रजा टाकून कोर्टात जायची.

चौकशी संपली त्या दिवशी शरदचंद्र सर कारखान्याच्या गेटबाहेर झाडाखाली थांबले होते. द्रौपदी आईला आणि जयदेवला घेऊन बाहेर आली. सर दोन पावलं पुढे आले. खाली बघत म्हणाले, “मी खरं सांगितलं, द्रौपदी. आता तरी तुझं मन...”

“तुम्ही आधी सांगायला हवं होतं,” ती म्हणाली. “कॅन आले त्या दिवशी.”

सरांनी मान हलवली. ते आणखी काही ऐकायला थांबले होते, हे तिला कळत होतं. तिच्यापाशी दुसरं काही नव्हतं. तिने जयदेवच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिघं रस्त्याला लागली. जरा पुढे गेल्यावर मोतीबाईंनी विचारलं, मागे वळून बघू का, अजून उभे आहेत का ते. द्रौपदी म्हणाली, “बघू नकोस, आई. चल.”